माप बदलल्याचा निरोप

फुजैराच्या बंदरामागे, डोंगराला पाठ टेकून बसलेल्या
दुमजली ऑफिसात मी खिडक्या लावते.
सुतारकाम नव्हे, पडद्यावरच्या.
तेलाच्या चौदा टाक्या, चौदा चौकटी,
सात वर, सात खाली,
तळाशी जहाजांची यादी
आणि उजव्या कोपऱ्यात लाल बटण: बंद.
सगळी एका आई-खिडकीच्या पोटात.

लेकरांचे नियम तसे साधे.
जागा मोजायची ती आईच्या कोपऱ्यापासून,
जगाच्या नाही.
आईला उचलून पडद्यावर कुठेही ठेवा,
लेकराला आपण हललो याचा पत्ताच नसतो.
त्याचं दहा-वीस, ते दहा-वीसच.
आईच्या हद्दीबाहेर हात काढला
तर तेवढा हात दिसत नाही.
आई मिटली की सगळी मिटतात.

पण आई लहानमोठी झाली
तर आपोआप काही म्हणजे काही होत नाही.
हे मला पहिल्या वर्षी ठाऊक नव्हतं.
कंट्रोल रूममध्ये राशिद अल-यमाहीने
कोपरा धरून खिडकी ताणली,
आणि चौदाच्या चौदा टाक्या वर डावीकडे
अंग चोरून बसून राहिल्या,
लग्नाच्या हॉलवर फार लवकर पोचलेल्या
मुलीकडच्या माणसांसारख्या.
बाकी सगळं राखाडी.
"यांना कोणी कळवलं नाही का?" राशिदने विचारलं.

तर, कळवावं लागतं.
माप बदलल्याचा निरोप फक्त आईला येतो.
मग तिनंच हिशेबाला बसायचं,
रुंदीचे सात वाटे,
यादी तळाला चिकटून, बटण काठाला.
एकेकीला हलवलं तर पडदा लुकलुकतो,
म्हणून आधी सगळ्यांच्या नव्या जागा मनाशी ठरवायच्या,
मग एका दमात हलवायचं.
(आम्ही मस्कतहून इकडे आलो ते नेमके उलटे.
आधी हेमंत, मग गाद्या आणि मिक्सर,
मग मी, शेवटी शर्वाणी, शाळेची परीक्षा संपल्यावर.
चार महिने घर लुकलुकत होतं.)

यंदा राशिदने अरबी मागितली.
एक खूण चालू केली
आणि सगळं आरशात गेलं.
शून्य उजव्या कोपऱ्यात, मोजणी तिथून.
पहिली टाकी सातवीच्या जागी,
जहाजांची नावं पलीकडच्या काठाला.
राशिद खूश. त्याने करक मागवला,
माझ्यात साखर कमी, हे त्याच्या लक्षात होतं.
मग सवयीने लाल बटणाकडे हात नेला,
तर तिथे काहीच नव्हतं.
बटण नियमाप्रमाणे डावीकडे गेलेलं.
तो जरा वेळ पडद्याकडे बघत राहिला. म्हणाला,
"हे होतं तिथेच राहू दे.
भाषा कुठलीही असो, माणूस घाबरला
की त्याचा हात जुन्या जागीच जातो."

त्या एका लेकरासाठी वेगळी ओळ लिहिली.
रुंदीतून काही वजा न करता,
उजव्या काठापासून दहा.
वर टीप: याला फिरवू नये.
लिहून झाल्यावर दिसलं, टीप मराठीत पडलीय.
तशीच ठेवली.

रात्री शर्वाणीची वही तपासते.
एकच वही. डावीकडून उघडली
तर माझ्याकडचं मराठी, "ळ" चार वेळा खोडलेला.
उलटी करून उजवीकडून उघडली
तर शाळेची अरबी, बाईंच्या हिरव्या शाईसकट.
दोन्हीकडून पानं भरत येतायत,
मध्ये अकरा कोरी.

"समोरासमोर आल्या म्हणजे गं?"
"मग तू मोठी वही आण," ती म्हणाली,
आणि टोकयंत्रातला भुसा
मधल्या पानांवर सांडून
वही मिटून टाकली.